विमानातलं झाकण

पत्रेमामा कुठल्याही वस्तूची ओळख वाकवलेल्या बोटानं टकटक करून घ्यायचे. मोटारीचं दार असो, पाण्याचा हंडा असो की रुखवतातलं कपाट. आधी टकटक, मग तिरका कान, मग निकाल. आमच्या कॉलेजात पहिल्यांदा आले तेव्हा प्राचार्यांचं नवं टेबल वाजवून म्हणाले, "सागवान म्हणून दिलंय ना सर? आत भुसा हाय." प्राचार्यांनी टेबल बदललं नाही, मामांना चहा विचारणं तेवढं बंद केलं.

ते मूळचे देवगाव रंगारीचे. गारखेड्यात गाड्यांच्या डेंटिंगचं दुकान होतं. "जय भीम सर" म्हणत आत यायचे आणि माझ्या हातात जे असेल त्यावर टकटक करायचे. मी कॉलेजात वर्कशॉप शिकवायचो. कॉलेजनं भंगारातून लष्कराचं एक जुनं शिकाऊ विमान आणलं, ते पहिल्यासारखं उभं करायचं काम माझ्यावर आलं. मी नकाशे मागवले आणि मामांना बोलावलं. दोन्हींपैकी उपयोग एकाचाच झाला.

विमानाचा डावा पंख जाग्यावर नव्हता. भंगारवाल्यानं तो आधीच कन्नडकडच्या एका बाईंना विकून टाकला होता. आम्ही जीप करून गेलो, तर पंखाखाली सात शेळ्या निवांत बसलेल्या. बाई हटेनात. "ह्यो पंख नाय, छप्पर हाय माझं."

मामांनी पंख वाजवला. "छप्पर हाय खरं मावशी. पण ह्याला उडायची सवय हाय. एखाद्या वावटळीत शेळ्या घेऊन जाईल."

बाई हसल्या नाहीत. शेळ्यांकडं बघत बराच वेळ विचार करत राहिल्या. पुढच्या आठवड्यात मामांनी स्वतः जाऊन त्यांना नवं पत्र्याचं छप्पर घालून दिलं आणि पंख घरी आला.

फाटलेल्या जागी बसवायचा पहिला तुकडा मी नकाशावरून कापला. तो दोन बोटं तोकडा पडला. मामांनी वाळूच्या पोत्यावर पत्रा ठेवला, लाकडी हातोड्यानं ठोकत, ऐकत, पुन्हा ठोकत वळवला. बसला तो असा, की जोड शोधावा लागे. माझा तुकडा त्यांनी चहाच्या किटलीखाली ठेवला. "कागदाला वारा लागत नाय सर, पत्र्याला लागतोय. वाईट नका वाटून घेऊ, किटली लई छान बसली."

कॉकपिटमधले सगळे डायल कुणी ना कुणी काढून नेलेले. एक घड्याळ तेवढं उंदरांच्या घरट्यामागं राहिलं होतं. ते मामांनीच शोधलं, पुसलं, किल्ली दिली. टिकटिक सुरू झाली तेव्हा त्यांनी ते कानाला लावलं. मग त्यांनी ते माझ्या तळहातावर ठेवलं.

तिथंच माझी नियत फिरली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी रिकाम्या डब्यात घड्याळ ठेवलं, वर रुमाल कोंबला आणि दुपारच्या वर्गाकडं निघालो. दारात मामा. सवयीनं त्यांनी डब्यावर टकटक केली. रिकामा डबा वाजतो. हा वाजला नाही. त्यांनी कान तिरका केला, भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. एक पन्नास.

"जेवला नाय वाटतं सर?"

"भूक नव्हती," मी म्हणालो.

संध्याकाळी घड्याळ गेल्याचं कळलं. वर्कशॉपच्या किल्ल्या दोनच होत्या, माझी आणि मामांची. प्राचार्यांनी हिशेब लगेच केला. मला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" मी म्हणालो, "मला काहीच माहीत नाही."

"त्यांना कसं माहीत असणार?" मामा म्हणाले. "सर तर जेवत होते."

एवढंच. मी मान वर केली नाही. मामांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. जाण्याआधी त्यांनी घड्याळाच्या रिकाम्या भोकात एक गोल पत्रा बसवला. स्वतःच्या डब्याचं झाकण होतं ते. वर पांढऱ्या रंगानं आकडे आणि काटे काढलेले. वेळ एक पन्नास. सगळे हसले. मीही हसलो, हसावंच लागलं. उद्घाटनाच्या फलकावर माझं नाव सर्वांत वर आलं. मामांचं कुठंच नव्हतं.

घड्याळ माझ्या कपाटात शालींखाली राहिलं. बायकोला टिकटिक ऐकू जाईल म्हणून एवढ्या वर्षांत एकदाही किल्ली दिली नाही. चोरी करून मी काय मिळवलं, तर एक बंद घड्याळ. मामा बाजारात भेटले की माझ्या पिशवीवर टकटक करायचे आणि म्हणायचे, "डबा अजून भरलेलाच हाय सर." त्या आवाजाला घाबरून मी भाजीचा बाजार बदलला.

गेल्या वर्षी मामा गेले. पुढं काही महिन्यांनी मी त्यांच्या मुलीकडं, संगीताकडं गेलो आणि सगळं सांगितलं. ती शाळेत शिकवते. रागावली नाही, पाणीही विचारलं नाही. म्हणाली, "मला कशाला सांगता काका? नाव जिथं गेलं तिथं सांगा. बाबा रस्त्यावरून जाळीतून विमान बघायचे. आत कधी गेले नाहीत."

म्हणून मी तिला घेऊन कॉलेजात गेलो. नवे प्राचार्य, सगळे शिक्षक, शिपाईसुद्धा विमानाजवळ बोलावून घेतले. तोच डबा उघडला, घड्याळ बाहेर काढलं आणि चोर कोण ते सांगितलं. प्राचार्य म्हणाले, फलकावर मामांचं नाव घालू, आणि घड्याळ मूळ जागी बसवू.

"नाव घाला," संगीता म्हणाली. "झाकण तसंच राहू द्या. त्याच्या पायी बाबांचा डबा आम्ही कायम फडक्यानं बांधून दिलाय."

मग ती माझ्याकडं वळली आणि माझ्या हातातल्या रिकाम्या डब्यावर वाकवलेल्या बोटानं टकटक केली, कान तिरका करून. डबा खणखणीत वाजला.

"हे तुम्ही बाबांना ऐकवायचं होतं, काका," ती म्हणाली.