वंदनाने घातलेलं कुलूप

चिखलीत लग्नाचे व्हिडिओ काढणारे ढीगभर आहेत. पण मुसलमान घरांत बायकांच्या बाजूचं शूटिंग म्हटलं की वंदनाच. ती कॅमेरा घेऊन आत आली की बायका बिनधास्त नाचायच्या. ते व्हिडिओ मात्र कुणी घरी नेत नसे. मोबाइलवर गेलं की गावभर फिरतं. ते वंदनाच्या सर्व्हरवरच राहायचे, आणि घरच्या बायका दुकानात येऊन, पडदा ओढून पाहायच्या.

बाई शब्दाची पक्की. एखादी डिस्क दुरुस्तीला गेली तरी कुणाला काही दिसू नये म्हणून तिने सर्व्हरच्या चारही डिस्कना कुलूप घातलं होतं. त्याची किल्ली म्हणजे एक छोटीशी फाइल. जिच्यावरून सर्व्हर सुरू व्हायचा, त्या वेगळ्या लहान डिस्कवरच ती होती. किल्लीची प्रत बाहेर ठेवायची का, असं मशीनने विचारलं तेव्हा हिने ठणकावून नाही म्हटलं. दुसरी किल्ली म्हणजे दुसऱ्याचा हात! एवढं शहाणपण कुणी सांगितलं होतं?

नेमकी ती लहान डिस्कच गेली. वंदना आधी घाबरली नाही. नवी डिस्क बसवली, सिस्टीम पुन्हा टाकली. चारही डिस्क ठणठणीत दिसल्या आणि तिचा जीव भांड्यात पडला. मग मशीनने किल्ली मागितली. मेलेली डिस्क दुरुस्तीला अकोल्याला पाठवली, ती तशीच परत आली. चिप जळाली होती. वंदना दुकानात डोकं धरून बसली. इतक्या घरांचे आनंद तिने आपल्या हाताने गाडले होते.

देऊळगाव राजाहून जहांआरा आली तेव्हाही ती तशीच बसलेली. जहांआराची मुलगी रुबिना लग्नानंतर वर्षभरात बाळंतपणात गेली. तेव्हापासून ही माय एसटीने यायची आणि तिच्या मेंदीचा व्हिडिओ पाहून जायची.

"लाव न बेटा," पडदा ओढत ती म्हणाली.

"खाला, खुलत नाही."

"पुसल्या गेलं का?"

"पुसल्या नाही गेलं. सारं आतच आहे. पण आता कोणालेच दिसणार नाही. किल्ली मी दुसरीकडं ठेवलीच नाही. चूक माही आहे."

जहांआरा पडद्याआड खाली बसली. हिने चार शिव्या तरी द्याव्यात, असं वंदनाला वाटलं.

"चेहरा आहे मह्या डोळ्यापुढं," जहांआरा म्हणाली. "आवाज निसटून राह्यला वं. तो ऐकाले येत होती मी. तू तं तिथंच होती. कशी बोलली होती, सांग न."

तो व्हिडिओ वंदनाने स्वतः कापून जोडला होता. शब्द न् शब्द पाठ होता. मेंदी लावणारीला रुबिना काय म्हणाली, आईला कशी चिडवत होती, मध्येच कुठे हसली, सगळं तिने सांगितलं.

जहांआराने डोळे मिटून ऐकलं.

"अशी नव्हती बोलत ती," ती म्हणाली.