पुढच्या तपासणीची तारीख

"कशावरून?"

चष्मा कपाळावर सरकवायचा, मान जराशी तिरकी करायची आणि समोरच्याला एवढंच विचारायचं, ही अण्णांची सवय. कानडी मुलखातल्या बोम्मसंद्र्याच्या आमच्या कारखान्यात साहेबांपासून कॅन्टीनवाल्यापर्यंत कुणीही या प्रश्नातून सुटलं नव्हतं. "अण्णा, आज सांबार झकास झालंय." "कशावरून? तू खाल्लंस का?" असा माणूस तुम्हालाही कुठे ना कुठे भेटला असेल. दिवसातून दोनदा त्याचा राग येतो आणि तो रजेवर असला की करमत नाही.

अण्णा मूळचे निपाणीचे, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. कारखान्यातली मोजायची साधनं तपासणं हे त्यांचं काम. गार ठेवलेल्या खोलीत हातमोजे घालून बसायचे, प्रत्येक साधन 'मास्टर'शी, म्हणजे त्याहून अचूक साधनाशी, ताडून बघायचे आणि वर हिरवी चिठ्ठी चिकटवायचे. आज तपासलं, पुढची तपासणी अमुक तारखेला. ती तारीख उलटलेलं साधन कुणाच्या हातात दिसलं की काढूनच घ्यायचे. "हे आता माप सांगत नाही. गप्पा मारतंय."

आम्ही राहायलाही एकाच गल्लीत. शेजाऱ्यांचे ताप बघायचे थर्मामीटरसुद्धा ते तपासून आणत. आमच्या थर्मामीटरवरही हिरवी चिठ्ठी होती. माझी बायको म्हणायची, आपल्या लग्नापेक्षा याची कागदपत्रं चोख आहेत.

अण्णांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, दर शनिवारी आंजनेयाच्या देवळात जात. "तो ऐकतो कशावरून?" म्हणून अण्णा चिडवत. एकदा मी चहाला बसलो असताना वहिनींनीच त्यांना पकडलं.

"तुमचा तो मास्टर कोण तपासतंय?"

"त्याच्या वरचा मास्टर."

"आणि त्याला?"

"त्याच्या वरचा. अशी वरपर्यंत साखळी असते."

"वरपर्यंत तुम्ही जाऊन बघितलंय?"

अण्णा गडबडले. "मी नाही बघितलं. पण कुणालाही बघता येतंय. तुझ्या देवळात येतंय का?"

"म्हणजे तुम्हीपण न बघताच मानता की. असू दे, स्वल्प चहा घ्या."

आम्ही पोट धरून हसलो. अण्णाही हसले.

पुढे वहिनींच्या छातीत गाठ लागली. तुकडा काढून तपासायला दिला आणि रिपोर्ट आला, साधी गाठ आहे. वहिनींना काही ते पटेना. "अजून एके ठिकाणी दाखवूया का?" त्या म्हणाल्या. मी तिथंच होतो. अण्णांनी कागदाच्या तळाशी असलेल्या प्रयोगशाळेच्या मान्यतेच्या शिक्क्यावर बोट ठेवलं. "ही आपल्यासारखीच माणसं. तपासल्याशिवाय सही करत नाहीत. मनाला वाटतं ते माप नव्हे." वहिनी कानडीत "सरी", म्हणजे बरं, म्हणाल्या आणि पोह्यांच्या बश्या उचलून आत गेल्या.

त्या दिवशी अण्णांनी "कशावरून?" विचारलं नाही. तुमच्या ते लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

आठ महिन्यांत दुखणं काखेत उतरलं. दुसऱ्या डॉक्टरांनी त्या तुकड्याची तीच जुनी काचपट्टी मागवून पुन्हा पाहिली. रोग त्या पट्टीवर पहिल्यापासून होता; पहिल्या तपासणीत तो नजरेतून सुटला होता. उन्हाळ्यात वहिनी गेल्या.

समजूत घालायला गेलो आणि भलतंच बोललो. "अण्णा, चूक सापडली ती तपासणीनंच ना? देवळात सापडली नसती."

"खरंय. पुन्हा तपासलं की सापडतेच," ते म्हणाले. "मी तपासलंच नाही रे. शिक्का बघितला आणि हात जोडले. तीही जोडायची. पण आपण हात जोडतोय, हे तिला ठाऊक तरी होतं."



कामावर परतल्यावर ते एकेक साधन चार-चारदा तपासू लागले. सहीसाठी हात उचलेना. साधनं खोलीत साठत गेली, मशीनवरची माणसं ओरडू लागली आणि शेवटी साहेबांनी त्यांना मुदतीआधीच घरी बसवलं. संध्याकाळी ते देव्हाऱ्यात वहिनींचा दिवा लावत. न राहवून मी विचारलं, "विश्वास बसला का?"

"कशावरच नाही. ती लावायची, म्हणून लावतो."

निपाणीला कायमचे निघाले त्या दिवशी आमच्या दारात आले. हातात आमचा थर्मामीटर. "तुझा माझ्याकडे राहिला होता." चिठ्ठी नवी होती, त्यांच्या कामाच्या शेवटच्या दिवसाची तारीख होती, सही होती. पुढच्या तपासणीची जागा कोरी.

"अण्णा, इथं लिहायचं राहिलं."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. मी त्या एका शब्दाची वाट बघत राहिलो. त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला आणि जिना उतरून गेले.

गेल्या वर्षी ते तिकडेच वारल्याचं कळलं. थर्मामीटर आमच्या कपाटात आहे. मी तो कुठे तपासून घेतलेला नाही. घरात कुणाला ताप आला की तोच लावतो, आणि तो दाखवेल ते मानतो.