आक्कांची गोठ्यातली चौकशी

आक्कांशी माझं शेवटचं बोलणं झालं ते कोल्हापुरातल्या दवाखान्यात, आणि ते माझ्या लेकीच्या पाळीबद्दल होतं. आक्का म्हणजे माझ्या सासूबाई. गोठ्यात पाय घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि मग छातीत कफ धरला. बोलताना धाप लागत होती. मी कपाळावर हात ठेवला तर डोळे उघडून म्हणाल्या, "स्नेहलची ह्या खेपंला बी हुकलीया. ध्यानात हाय न्हवं?" म्हटलं, "आहे आक्का, तुम्ही आधी बऱ्या व्हा." "माझं ऱ्हाऊ दे. तिला डॉक्टरणीकडं न्हे... आन् मी न्हाय म्हणून इचारायचं थांबू नगासा." दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या. त्यालाही आता दीड महिना होऊन गेला.

जयसिंगपूरजवळ आमचं गाव. शेती आणि दुधाचा धंदा. माझं माहेर कोल्हापूर शहरातल्या राजारामपुरीतलं, त्यामुळे लग्न होऊन आले तेव्हा या घरातल्या बोलण्यानं मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कुठली म्हैस माजावर आली, कुठली गाभण राहिली, कुठली नाही राहिली, हे माझे सासरे, आबा, चहा पिता पिता आल्यागेल्या पाव्हण्यांसमोर खणखणीत आवाजात सांगत. आणि त्याच घरात बायकांची पाळी मात्र डोळ्यांच्या खुणांनी कळवली जाई.

पस्तिशीच्या आसपास माझं अंगावर जायला लागलं. दर महिन्याला आठवडा उलटला तरी थांबायचं नाही. जिना चढताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. तालुक्यातल्या एका डॉक्टरांनी वरवर बघितलं आणि सांगून टाकलं, गर्भाची पिशवी काढून टाका, कटकट जाईल. घरात कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. दोन्ही नणंदांची काढलेली, आक्कांचीही तरुणपणीच काढलेली. ऑपरेशनचा दिवससुद्धा ठरला. त्या संध्याकाळी गोठ्यात आबा एका गाभण न राहणाऱ्या म्हशीबद्दल बोलत होते. एका डॉक्टरनं ती विकायला सांगितली होती. "एकाचं ऐकून इकायची व्हय? दुसऱ्याला दाखवूया की," आबा म्हणाले. आक्का धार अर्धी टाकून उठल्या.

"म्हशीला दुसरा डॉक्टर, आन् सुनंला एकदा बघून कापायची?"

"आगं, हळू बोल की!"

"का म्हणून हळू? म्हशीचं बोलताना सारं गाव ऐकतंय न्हवं?"

आबांनी भरलेली किटली उचलली आणि डेअरीची वाट धरली. ऑपरेशनचा बेत मात्र मोडला.

राजारामपुरीतल्या डॉक्टरीणबाईंसमोर खुर्ची ओढून बसल्या त्या आक्का, पेशंट मी. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, पिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला गेला. निघालं ते असं: एक लहान, साधी गाठ, थायरॉईड बिघडलेलं आणि अंगात रक्त नावालाच. थायरॉईडच्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या, रक्तस्राव आटोक्यात ठेवायचं औषध आणि ठरलेल्या वेळी तपासणी, एवढ्यावर माझं भागलं. "काही जणींची पिशवी काढावीच लागते, त्यात भिण्यासारखं काही नाही," बाई म्हणाल्या, "पण आधी कारण शोधायचं." मग त्यांनी आक्कांना विचारलं, "तुमची पिशवी काढली तेव्हा बीजकोशही काढले होते का?"

आक्का माझ्याकडं बघायला लागल्या. "त्ये काय असतंय? मला कुणी सांगितलंच न्हाय की..."

बाईंनी कागदावर चित्र काढून पिशवीच्या दोन्ही बाजूंचे बीजकोश, म्हणजे अंडाशय, दाखवले. तरुणपणी बीजकोश काढले की अंगातला हार्मोनचा पुरवठा एकदम थांबतो, वाफा येतात, झोप उडते, चिडचिड होते, हाडं विरळ होतात. थंडीतही दार सताड उघडं टाकून बसणाऱ्या, बारीकसारीक गोष्टीवरून भडकणाऱ्या आक्का सगळ्या भावकीला ठाऊक होत्या. आक्का लई तापट, असं त्यांच्या तोंडावर म्हटलं जायचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे मी तापट न्हवतो म्हणा की!" हसल्या. परतीच्या एसटीत मात्र खिडकीकडं तोंड करून बसल्या, ते गाव येईपर्यंत. मला त्या दिवशी फार राग आला होता. अजून आहे.

तपासणीत त्यांची हाडं खरंच विरळ निघाली. उकिडवं बसू नका म्हटल्यावर गोठ्यासाठी लाल प्लास्टिकचं स्टूल आलं. त्या स्टुलावर बसून, धारा चालू असताना, आक्का घरातल्या प्रत्येकीची चौकशी करायला लागल्या. आली का? किती गेलं? पोटात दुखतंय का? तेही भरल्या गोठ्यात, तोंड भरून. स्नेहल कॉलेजला जायला लागली आणि तिची पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येईना. हनुवटीवर राठ केस आले. नणंद म्हणाली, लग्न झालं की होतं सुरळीत. "लगीन काय औषध हाय व्हय?" आक्कांनी तिला तिथंच गप्प केलं. डॉक्टरीणबाईंनी पीसीओएस सांगितलं. हे एका गोळीनं संपणारं नव्हे, पण चालणं, खाणं, झोप सांभाळली, लागतील तेव्हा औषधं घेतली तर ताब्यात राहतं, फक्त पाळी लांबली की दुर्लक्ष करायचं नाही. ते दुर्लक्ष होऊ नये याचा विडा आक्कांनी उचलला. काठी टेकत नातीला सकाळी चालायला नेत. आबा मात्र ही चौकशी सुरू झाली रे झाली की खाकरायचे, किटली उचलायचे आणि डेअरीला निघायचे. इतक्या वर्षांत एकदाही थांबले नाहीत.

आक्का गेल्यावर मी स्नेहलला दाखवून आणलं, गोळ्या चालू केल्या. विचारतही होते. पण स्वयंपाकघरात, दार लोटून, आवाज खाली करून... आक्कांचं तोंड मला नव्हतं. लाल स्टूल गोठ्याच्या कोपऱ्यात तसंच पडून होतं, त्यावर कुणी बसत नव्हतं.

परवा संध्याकाळी धारा आटपल्या होत्या. शेजारचे दोघे-तिघे गोठ्याच्या दारात गप्पा मारत उभे. आबांनी ते स्टूल पुढं ओढलं आणि त्यावर बसले. खाकरले. मला वाटलं, आता किटली मागणार.

"स्नेहल," आबा म्हणाले, "गोळ्या संपल्या न्हवं? आली का पाळी?"

दारातल्या माणसांनी माना वळवल्या. वैरणीचा भारा हातात घेऊन स्नेहल जागच्या जागी उभी राहिली. मग म्हणाली, "आली आबा. कालच."

"ब्येस झालं." आबा माझ्याकडं वळले. "आन् तुझी ती थायरॉईडची तपासणी कवा हाय?"

डेअरीला उशीर होत होता. आबा स्टुलावरून हलले नाहीत.