झाकलेले ठिपके

"जुळलं ना? मग आता संशय घ्या."

प्रिंटरमधून आलेख बाहेर आला की आमचे सर चष्मा कपाळावर सरकवून हेच म्हणायचे. असं शाबासकी देता न येणारं माणूस तुमच्याही पाहण्यात असेल.

मी बडोद्याजवळच्या बाजव्याच्या कामगार वस्तीतला, युनियनची पत्रकं वाचत वाढलेला. संशय मला शिकवावा लागला नव्हता. माझा रोख मालकांवर असे, आणि बडोद्याच्या भौतिकशास्त्र विभागात मी संशोधनाला लागलो तेव्हा माझे मालक म्हणजे सर.

त्यांचं काम लिथियमच्या एका दुर्मीळ अणुकेंद्रावर होतं. ते क्षणभरच टिकतं. त्याचे दोन न्यूट्रॉन गाभ्यापासून लांब, सैल असतात. हे अणुकेंद्र प्रोटॉनवर आदळून, न मोडता, कुठल्या कोनात किती उडतं हे परदेशातले शास्त्रज्ञ मोजत. आलेखावरचे ठिपके त्यांचे, त्यातून जाणारी रेषा आमची. सर सांगत, धुरकट काचेच्या गोळ्यातून प्रकाश जातो असं समजा. काही वळतो, काही आतच गिळला जातो. हे वळणं नि गिळणं आकड्यांत मांडायचं, त्याला ऑप्टिकल पोटेन्शियल म्हणतात. आणि आकडे फिरवत बसलं तर रेषा हवी तिथून नेता येते. सरांना भीती होती ती हीच.

म्हणून मोठ्या कोनांचे, उजवीकडचे ठिपके सर आधी पाहतच नसत. झेरॉक्सवाल्याला सांगून आलेखाचा उजवा भाग कागद चिकटवून झाकून घ्यायचे. रेषा पुरी झाल्यावरच कागद काढायचा. झेरॉक्सवाला त्यासाठी मी युनियनसाठी लिहिलेली, छापताना वाया गेलेली पत्रकं वापरी. सरांनी एक वाचलं.

"सगळं कसं बरोबर आहे. न जुळणारा ठिपका कुठं झाकलात, पुढारी?"

मी धुमसलो. हा माणूस गुपचूप कागद उचकटून बघत असणार, याची मला खात्री होती. मी कागद नि आलेखाच्या जोडावर पेन्सिलीची बारीक रेघ मारून ठेवली. कागद हलला असता तर रेघ तुटली असती. मी रोज बघायचो. ती तुटली नाही.

मग प्रकल्पाला मुदतवाढ द्यायची की नाही, हे ठरवायला समिती आली. माझी शिष्यवृत्ती, त्यांचा संगणक, सगळं त्यावर होतं. डावीकडे रेषा सुरेख जुळली होती. समिती खूश. विभागप्रमुख सरांच्या कानाशी कुजबुजले, "ढांकेलुं रहेवा दो ने, भाई." झाकलेलंच राहू द्या, हे मलाही ऐकू आलं, आणि पहिल्यांदाच मला झाकणं पटलं.

सरांनी सगळ्यांसमोर कागद सोलून काढला. ठिपके रेषेच्या बरेच खाली होते.

"चुकलं," ते म्हणाले. "सैल न्यूट्रॉन वाटेतच सुटून जातात. ते मी कमी धरलं."

मुदतवाढ मिळाली नाही. मी पादऱ्याच्या कॉलेजात शिकवायला लागलो. सर निवृत्त झाले, आणि दोन पावसाळ्यांनी गेले. त्यांच्या खोलीत भरमसाट फीचा कॉम्प्युटर कोर्स सुरू झाला. तो कोणासाठी, यावर मी पत्रक काढलं.

कोर्ससाठी ती खोली रिकामी केली तेव्हाच शिपायाने मला बोलावून एक गुंडाळी दिली होती. नवा आलेख होता. सरांनी हाताने काढलेली नवी रेषा, उजवीकडे चिकटवलेलं माझंच जुनं पत्रक. आणि जोडावर पेन्सिलीची एक बारीक रेघ.

ती मी मारलेली नव्हती. आणि ती कुठेही तुटलेली नव्हती.