आप्पांचा डायनॅमो

आधी वस्तुस्थिती क्रमाने मांडते. आप्पांच्या, म्हणजे माझ्या दिवंगत वडिलांच्या, जुन्या गाडीचा चार्जिंगचा लाल दिवा विझत नव्हता. मी बॅटरी तपासली. ती उत्तम होती. पट्टा नीट ताणलेला होता. डायनॅमोही पूर्ण व्होल्टेज देत होता. दोष केवळ रेग्युलेटरमध्ये होता आणि दौंडच्या गॅरेजवाल्या दत्ताला मी तेवढाच दुरुस्त करायला सांगितला होता.

आज गाडी आणायला गेले, तर डायनॅमोच्या जागी ट्रॅक्टरचा अल्टरनेटर बसवलेला. तो डायनॅमो आप्पांनी स्वतःच्या हाताने तार गुंडाळून पुन्हा चालू केला होता.

"इलेक्ट्रिकलची पदवी माझी आहे की तुमची?" मी विचारले.

"तुमचीच, ताई. पर आप्पा दवाखान्यात जायच्या आदी हितं आलते. म्हनले, 'गाडी चार्जिंगसाठी आली तर ट्रॅक्टरचा बशीव. पोरगी शिरूरला एकटी ये-जा करती. कुठं अडकली तर गावोगाव माल मिळंल.' वर म्हनले, 'तिला आदी सांगू नगं, वाद घालंल.'"

तांत्रिकदृष्ट्या तो निर्णय अनावश्यक होता, हे माझे मत कायम आहे. पण ते ऐकवायला आप्पा नाहीत. शिरूरपर्यंत दिवा एकदाही लागला नाही आणि मी सबंध रस्ताभर रडत होते.

डायनॅमो दत्ताने पोत्यात बांधून परत दिला आहे. जुन्या गाड्या जपणाऱ्या या समूहाला विचारते: आप्पांच्या हातचे काम परत बसवू, की त्यांची इच्छा राखू? अंगठे आणि जोडलेले हात पाठवू नका. कारणासहित, लिहून उत्तर द्या.