आधी ताईंचं कोपर

नाही, थांबा! "गरम पाण्यात काय, कोणीही बसवेल," असं मालतीताईंबद्दल पुन्हा बोलू नका. मी बसवलं होतं. काय झालं ते ऐका.

पंचाहत्तरीच्या वैद्य मालतीताईंच्या आमच्या कॅम्प पाच वस्तीतल्या दवाखान्यात मी पहिल्यांदा गेले ती पप्पांना धरून. पप्पा जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर. कंबर अशी धरलेली, की टेबलावर वाकताच येईना. शेठनी सांगून टाकलेलं, "मास्टर, झुकोगे नहीं तो काटोगे क्या? महीनाभर देखता हूँ, फिर दूसरा रखूँगा."

ताईंनी आधी एक्स-रे काढून आणायला लावला, शुगर विचारली. मग निर्गुडी आणि एरंडाच्या पानांचा काढा उकळून टबातल्या पाण्यात ओतला. नियम एकच: आधी ताईंचं कोपर पाण्यात, मगच पेशंट. मला हसूच आलं. बाळाची आंघोळ आहे का?

तिसऱ्या दिवशी ताई दाराशी कोणाशी तरी बोलत होत्या. पप्पा म्हणाले, "निवलं गं, ओत अजून." मी उकळत्या काढ्याचा अख्खा तांब्या त्यांच्या पायांकडे ओतला. जास्त गरम म्हणजे लवकर आराम, एवढंच माझं बीएस्सीचं ज्ञान! ताई आल्या, कोपर बुडवलं आणि ओरडल्या, "मास्तर, उठा! आत्ता!" पाय लालबुंद झालेले. शुगरमुळे पप्पांच्या पायांना चटका कळलाच नव्हता.

मी रडायला लागले. ताईंनी गार पाण्याचा नळ सोडला. "रडतेस काय, पाइप धर. चूक माझी. कोपर का घालते, ते तुला सांगितलंच नाही मी."

एवढ्या मोठ्या वैद्य, माझ्यासारख्या पोरीला 'चूक माझी' म्हणाल्या! कोण म्हणतं हो असं?

फोड आले नाहीत, नशीब. आठवडाभर थांबून ताईंनी पुन्हा सुरू केलं, आणि महिना संपायच्या आत पप्पा टेबलावर वाकले! मी दवाखान्यात नाचलेच. "ताई, बरे झाले!"

"बरे नाही गं, मोकळे झालेत. थंडीत आखडतील, तेव्हा घेऊन ये." आणि त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरव-पुस्तकात मी लिहितेय हे कळल्यावर बजावलंन, "चमत्कार-बिमत्कार लिहू नकोस हं."

नाही लिहिला, ताई. तुम्हाला भरपूर आयुष्य लाभो, तुमची स्वतःची कंबर कधी न धरो, आणि तुमचं कोपर असंच आमच्या आधी पाण्यात राहो.

फक्त आज नाही. थंडी आलीये, पप्पा आखडलेत, आणि सकाळी ताईंचा फोन आला: "आज कोपर तू घाल. मी नुसती बघणार." मला! ताई!

तुम्हाला काही बोलायचं असेल तर राहू द्या. इथे दवाखान्यात टब भरलाय, पप्पा टॉवेल गुंडाळून उभे आहेत. बाही वर केली. निघाले.