काही नको म्हणणारा

माझ्या नातीला जपानी कार्टूनचा नाद. कार्टून म्हटलं की ती चिडायची. "आज्जी, ॲनिमे म्हण. कार्टून लहान पोरांचं असतं." मी म्हणायचे, "सरी बाई, ॲनिमे." माझी शाळा लहानपणीच सुटली. बेंगळुरात आल्यावर दुकानात उभं राहून कन्नड शिकले, लोकांच्या घरी पोळ्या करता करता हिंदी शिकले. म्हातारपणी हे आणि एक.

मुलाचं घर बेळ्ळंदूरला, पार वरच्या मजल्यावर. गॅलरीतनं तळं दिसतं. तळ्यावर पांढरा फेस चढतो, वारा फिरला की वास थेट स्वयंपाकघरात येतो, म्हणून खिडक्या लावलेल्याच. मुलगा आणि सून ऑफिसला गेले की बंद घरात मी एकटी. दुपारी नात कॉलेजातनं यायची, ताट घेऊन टीव्हीसमोर बसायची, मी शेजारी. खाली अक्षरं पळायची ती इंग्रजी. मला काय त्यातलं वाचता येतंय? ती मधनं मधनं स्वल्प सांगायची. बाकी मी माणसं बघायचे.

एक पोरगी होती त्यात, होडीवाली. काळ्या पाण्यावरनं माणसं पलीकडं न्यायची. एक भुवई जळलेली, बोलणं कमी. पण भात खायला बसली की वाटीभोवती हात असा धरायची, जसं कुणीतरी ओढून नेणार आहे.

मी म्हटलं, "ही पोर उपाशी राहिलेली आहे."

नात वळून बघायलाच लागली. "आज्जी! ते तर नंतर कळतं. तू आधी बघितलंस का हे?"

"बघितलंय. टीव्हीवर नाही."

आमच्या घरी आम्ही भावंडं तशीच जेवायचो, ताटाभोवती हात धरून. त्या चित्र काढणाऱ्याला ते कुठनं कळलं कोण जाणे. ती पोरगी तलवार चालवायची, उड्या मारायची, ते माझ्या ध्यानात नाही. तो हात ध्यानात आहे.

दुसरा एक होता, पांढरे हातमोजे घालणारा. गावंच्या गावं जाळायचा. पण घरनं निघताना आपल्या म्हाताऱ्या कुत्र्याला पाणी ठेवून जायचा, तेही वाकून, भांडं त्याच्या तोंडाशी सरकवून. नात आणि तिच्या मैत्रिणी त्याच्यावर फिदा. तिच्या दप्तराला त्याचाच बिल्ला.

"मेला इतका वाईट आणि तुम्हाला आवडतो?"

"वाईट आहे गं. पण त्याला काय हवंय ते आपल्याला माहितीये. त्याला त्याचं बुडालेलं गाव परत हवंय. ज्या कॅरेक्टरला काहीतरी जाम हवं असतं ना आज्जी, तेच डोक्यात राहतं. पॉवरबिवर सगळं नंतर."

पोरीचं बोलणं मला पटलं. इतक्या घरी मी पोळ्या केल्या. बंगले विसरले, बाया विसरले. एक म्हातारी तेवढी आठवते. सुनेपासून चोरून लोणच्याची फोड मागायची, आणि मिळाली की डोळे मिटून चोखायची. तिला काहीतरी हवं होतं.

मग पावसाळ्यानंतर तिसरा एक आला. सारखा हसणारा, गळ्यात निळं फडकं, जखमा बांधणारा वैद्य. कुणी ओरडलं तरी हसायचा. एका भागात त्यानं औषधाची पेटी एकाला दिली, चप्पल एकाला दिली, गळ्यातलं फडकं होडीवालीच्या हाताला बांधलं. गाणं मऊ झालं.

मी म्हटलं, "हा जाणार."

"हो," नात म्हणाली. रडली नाही की काही नाही. "म्हणून तर तो सगळ्यांना आवडतो."

"तूच म्हणालीस ना, ज्याला काही हवं असतं तो आवडतो? ह्याला तर काहीच नको."

"हा वेगळा आहे. हा सुटलाय, आज्जी."

ते "सुटलाय" ती अशा आवाजात म्हणाली की मी तिच्याकडं बघितलं. टीव्हीचा उजेड तिच्या तोंडावर हलत होता. ती हसत होती, त्याच्यासारखीच.

तो भाग तिनं पुन्हा लावला. मग पुन्हा. पुढचं बघायचं सोडून दिलं. होडीवालीचं काय झालं विचारलं तर म्हणाली, "काय माहीत." ती आधी चित्रं काढायची, वह्या भरून डोळे नि केस, तेही थांबलं. भाजी कुठली करू विचारलं तर "कुठलीपण." क्लासला जाणार का, "जाईन." ओरडणं नाही, भांडण नाही. सून म्हणायची, "आई, उलट बरं आहे ना? किती मॅच्युअर झालीये. स्क्रीन पण कमी झाला."

संक्रांत आली. इथं पोरी नवे कपडे घालून ताटात एळ्ळु-बेल्ल, म्हणजे तीळ, गूळ, खोबऱ्याचं मिसळण, घरोघरी वाटतात. आमच्यात बाया हळदीकुंकवाला वाण लुटतात. सुनेनं दोन्ही एकत्र केलं होतं. ह्या मजल्यांवर कन्नड, मराठी, तमिळ सगळेच. नात आपणहून म्हणाली, "मी वाटते." नवा परकर-पोलका घातला. ताटात एळ्ळु-बेल्लच्या पुड्या, आणि पुड्यांच्या मधे तिची ती ॲनिमेतली, बोटभर उंचीची प्लास्टिकची माणसं. होडीवाली, हातमोजेवाला, सगळी. वाढदिवसाला मागून मागून घेतलेली. कुणी हात लावला तर आख्खं घर डोक्यावर घ्यायची.

शेजारची अक्का म्हणाली, "अय्यो, इतकं महागाचं कशाला गं?"

सून हसत म्हणाली, "अक्का, वाण आहे. लुटायचं असतं, मागं ठेवायचं नसतं." तिला पोरीचा अभिमान वाटत होता. कुणालाही वाटला असता. सणाच्या दिवशी पोर वाटतेय, तर कोण तिचा हात धरणार?

मी खुर्चीत बसून बघत होते.

माझे मालक राजाजीनगरात एका कारखान्यात फिटर होते. कारखाना बंद पडला. हे घरी बसले, भिंतीकडं तोंड करून. मुलगा तेव्हा रांगत होता. मग एका सकाळी उठले, दाढी केली, आपली हत्यारं काढली. पाने, कानशी, दर दसऱ्याला हळदकुंकू लावून पुजायचे ती. बरोबरच्या लोकांना वाटून आले. घरी येऊन म्हणाले, "हलकं वाटतंय." त्या दिवशी पोट भरून जेवले. पोराला खांद्यावर घेतलं. शेजारी म्हणाले, माणूस सावरला. मलाही तसंच वाटलं. दुसऱ्या दिवशी गेले ते आले नाहीत. ओळख पटवायला मला बोलावलं. मुलाला मी सांगितलं, अपघात झाला. पुढं त्यानंही कधी विचारलं नाही. मी पोळ्या लाटत राहिले.

हळदीकुंकवाच्या बाया गेल्या. सून ताटं आवरत होती. मी नातीच्या खोलीत गेले. त्या माणसांची फळी रिकामी होती आणि पुसून ठेवलेली.

"तुला काय हवंय गं?" मी विचारलं.

"काही नाही."

"खायला? कुठं जायला? काही?"

"खरंच काही नको, आज्जी." आणि ते हसू.

मी दार लोटलं, तिच्या गादीवर बसले. गोल फिरवून बोलायला मला येत नाही. "मरायचं मनात येतं का तुझ्या?"

तिनं आधी दाराकडं बघितलं, मग परकराच्या काठाची जर खरडायला लागली.

"रोज नाही," ती म्हणाली.

मी तिचा हात धरला. तो जड होता. मी ओरडले नाही, शपथ घातली नाही. म्हटलं, "बरं झालं बोललीस. आता मी तुझ्या आईबापाला सांगणार. तुला राग आला तरी सांगणार." मी तिचा हात न सोडताच सुनेला हाक मारली.

सून आधी माझ्यावरच चिडली. "आई, असं थेट विचारतात का? नसलं तरी डोक्यात येईल तिच्या!" मुलगा ऑफिसातनं आला, त्यालाही तेच. "आई, ह्या वयात मूड असतात. एक्झामचं टेन्शन आहे. आणि वाण तर सगळेच वाटतात."

सुनेला मी पोरीजवळ बसवलं. मुलाला गॅलरीत नेलं, दार ओढून घेतलं. खाली तळं काळं झालं होतं.

"तुझा बाप अपघातानं गेला नाही," मी म्हटलं. "जायच्या आदल्या दिवशी हत्यारं वाटून आला होता. हसत होता."

तो कठडा धरून उभा राहिला. एकदा म्हणाला, "मला सांगितलं का नाहीस?" मी म्हटलं, "ते नंतर विचार. आधी तिचं बघ." मग त्यानं फोन काढला. डॉक्टर शोधायला लागला.

हेब्बाळकडं एक बाई आहेत, मनाच्या डॉक्टर. आम्ही सगळेच गेलो. सुनेनं त्यांना विचारलं, असं विचारल्यानं वाढतं का? त्या म्हणाल्या, नाही, विचारल्यानं पोरीला वाट मिळते. विचारलं ते बरं केलं. गोळ्या दिल्या, बोलायला यायला सांगितलं. आणि म्हणाल्या, सध्या हिला एकटं सोडायचं नाही, दाराला कडी नको.

कडी मुलानं स्वतः काढली. दिवसभर आता मी असते. ती आंघोळीला गेली की मी बाहेर उभी राहून काहीबाही बोलत राहते आणि तिनं हूं म्हणायचं, असं ठरलंय. कधी हूं उशिरा येतं. तेवढ्या वेळात मी भिंतीला हात लावून उभी असते. गोळ्यांनी ती झोपते फार. टीव्ही लावत नाही. चांगला दिवस आला तर मला भीतीच वाटते. हसली की मी तिचे डोळे बघते.

काल दुपारी ती पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडली होती. मी उंबऱ्यात शेंगा सोलत बसले होते. एकदम उठून बसली.

"आज्जी, जा ना इथनं! कायम इथंच! श्वास घ्यायला देत नाही तुम्ही लोक. मला माझी खोली हवीये! मला दार लावायचंय!"

उशी फेकली. मला लागली नाही, शेंगा सांडल्या. आवाज ऐकून शेजारच्या अक्कानं बेल वाजवली. मी बसूनच ओरडले, काही नाही, सगळं ठीक आहे.

किती महिन्यांनी ती काहीतरी मागत होती. तेही इतकं जोरात.

"दे ना, आज्जी," ती रडत म्हणाली. "माझी खोली दे."

"देईन," मी म्हटलं. "आज नाही."

आणि उठले नाही. तिथंच बसून सांडलेल्या शेंगा वेचायला लागले.